आजोबांची किटली: चांदीची की जर्मन सिल्वरची?

भुसावळची_नात:
नमस्कार मंडळी. भुसावळचं घर रिकामं करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत चहाची किटली, दुधाचं भांडं आणि साखरेचं भांडं सापडलं, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेलं. आजोबा रेल्वेच्या रिफ्रेशमेंट रूममध्ये कामाला होते. आई आयुष्यभर म्हणत आली, "चांदी आहे ती, हात लावू नका."

किटलीच्या पोटावर 'जी आय पी आर' ही अक्षरं एकमेकांत गुंफलेली आहेत. बुडाला चार इवल्या चौकटींत ई, पी, एन, एस. खाली 'शेफील्ड' आणि बाजूला १½. वजन ६१० ग्रॅम. चौकटी बघून मला वाटलं, हाच हॉलमार्क. सराफाकडे नेली तर न विचारता त्याने बुडाला कानस मारली, ॲसिडचा थेंब टाकला, थेंब हिरवा झाला. "भंगारात घाला" म्हणून परत दिली. ओरखडा मात्र कायमचा.

ही नक्की काय आहे आणि किंमत किती येईल? धाकटा भाऊ कॅनडाहून येतोय, तो सोबत नेतो म्हणतो. आणि एक चूक आधीच कबूल करते: साखरेचं भांडं तांब्या-पितळेच्या पावडरीने घासलं. कडा आता पिवळट दिसतायत.

जुन्या_बाजारातला:
ताई, ई पी एन एस म्हणजे इलेक्ट्रो प्लेटेड निकेल सिल्वर. नावात सिल्वर, अंगात तांबं, निकेल आणि जस्त. आपलं जर्मन सिल्वर ते हेच. चांदीचा फक्त मुलामा, तोही विजेवर चढवलेला. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननी १८४० मध्ये याचं पेटंट घेतलं, मग शेफील्डनेही असा माल ढिगाने काढला. खऱ्या इंग्रजी चांदीवर चालणारा सिंह आणि शहराची खूण असते: बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, शेफील्डचा त्या काळी मुकुट. मुलामावाल्यांनी अक्षरं चौकटींत ठोकली ती लांबून हॉलमार्क वाटावीत म्हणूनच. आईंना दोष देऊ नका, मी स्वतः असा एक ट्रे चांदी समजून घेतलाय.

झिजल्या जागी पिवळट-राखाडी दिसलं की निकेल सिल्वर. लालसर दिसलं असतं तर म्हटलं असतं थांबा, तांब्यावर चांदीचा पत्रा जोडलेलं जुनं शेफील्ड प्लेट असू शकतं. त्याची गोष्ट वेगळी.

सराफ मोडीचा भाव बघतो, आणि मोडीत याला खरंच काही नाही. तुमच्या किटलीत किंमत आहे ती पोटावरच्या अक्षरांना. जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी चालवणारी कंपनी, १९५१ मध्ये तिची मध्य रेल्वे झाली. रेल्वेवेडे याच अक्षरांसाठी पैसे मोजतात. तिन्ही भांड्यांवर ती आहेत का? झाकणाची बिजागरी शाबूत आहे? तोटीला कुणी डाग दिलाय, म्हणजे झाळलंय? हे कळल्याशिवाय आकडा सांगणार नाही. नवा मुलामा तर अजिबात करू नका, त्याआधी पॉलिश मारतात आणि कोरीव अक्षरं बुजतात.

१½ हे बहुतेक पिंटातलं माप असावं, इंग्रजी पिंट म्हणजे साधारण ५६८ मिली. पाणी ओतून बघा.

राखुंडी:
पावडर बंद करा हो! काळेपणा म्हणजे गंधकाने धरलेली चांदीच, घासलं की तीच निघून जाते. तळाला ॲल्युमिनियमची फॉइल, त्यावर भांडं, खाण्याचा सोडा, वरून गरम पाणी. भांडं फॉइलला टेकलं पाहिजे. पण किटलीच्या दांड्याच्या जोडाला पांढऱ्या (हाडाच्या किंवा हस्तिदंताच्या) चकत्या असतील तर ती बुडवू नका, नुसत्या मऊ फडक्याने पुसा.

कागदी_घोडा:
भावाला थांबवा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांवरचं कारागिरीचं काम खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. किटली तेवढी जुनी नसेल तर पुरातत्त्व खात्याकडून तसा दाखला आधी घ्या. विमानतळावर वाद घालण्यात अर्थ नाही.

भुसावळची_नात:
सगळ्यांचे आभार. बिजागरी ठीक आहे. तोटीच्या मुळाशी डाग आहे, बोटाला खरखरीत लागतो. दुधाच्या भांड्यावर तीच अक्षरं आहेत, साखरेच्या भांड्यावर मात्र काहीच नाही आणि बुडाला शिक्काही वेगळा. म्हणजे सेट आजोबांनीच जुळवला! आणि दादा, किटलीत काठोकाठ पाणी भरून मापात ओतलं: साडेआठशे मिली. दीड पिंटच की!

चांदी नाही हे आईला अजून सांगितलेलं नाही. तिने किटली त्याच धोतरात परत गुंडाळून ठेवलीय.