मुलाला अमेरिकेत ऑनर सोसायटीचं आमंत्रण आलंय, पैसे भरायचे का?

तिलकनगरवाली:

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आमचा थोरला अमेरिकेत एका स्टेट युनिव्हर्सिटीत मेकॅनिकल करतोय, तिसरं वर्ष चालू आहे, जीपीए (तिकडचे सरासरी मार्क, ४ पैकी) ३.८ च्या वर आहे म्हणजे अभ्यासाची काळजी नाही. तर त्याला पाठोपाठ दोन मेल आले. एक टाऊ बीटा पाय म्हणून कोणी आहेत त्यांचा, त्यात लिहिलंय की तुम्ही पात्र ठरलात, अमुक दिवशी माहिती द्यायला मीटिंग आहे, या. दुसरा कुठल्या तरी ‘नॅशनल’ वगैरे भारदस्त नावाच्या सोसायटीचा, त्यात एकदम अभिनंदनच, तुमची निवड झाली, ४८ तासांत फी भरा. फी दोन्हीकडे आहेच. हे म्हणतात हुशार मुलाकडून कोणी पैसे घेतं का, आपल्याकडे मेरिटमधे आलं की उलट स्कॉलरशिप देतात, नक्की काहीतरी चक्कर आहे. त्यात भाचीने डोक्यात भरवलं की असली ग्रीक नावं तिकडे दारू-पार्टीवाल्या पोरांच्या क्लबांची असतात, तेव्हापासून सासूबाई रोज विचारतायत.

अजून एक, तो पहिल्या वर्षापासून त्यांच्या ऑनर्स प्रोग्रॅममधे आहे आणि आता म्हणतो सोडून देतो, कारण शेवटच्या वर्षी थीसिस लिहावा लागतो. आणि धाकटी इथेच इंदुरात बीएस्सी थर्ड इयरला आहे, तिच्या कॉलेजात सांगतायत चौथं वर्ष केलं की ऑनर्स मिळेल. म्हणजे घरात दोन दोन ऑनर्स आणि आम्हाला एकही धड कळत नाहीये. कोणी केलंय का यातलं काही?

रामबागेतला (मु. पो. टेक्सास):

ताई, दोन्ही मेल एका मापाने मोजू नका. ऑनर सोसायटी म्हणजे अभ्यासात पुढे असलेल्या पोरांची संस्था, त्यात टाऊ बीटा पाय खरी आणि जुनी आहे, १८८५ ला पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय युनिव्हर्सिटीत निघाली, फक्त इंजिनिअरिंगवाल्यांसाठी. तिसऱ्या वर्षाला असाल तर वर्गाच्या वरच्या एक अष्टमांशात पाहिजे, शेवटच्या वर्षाला वरच्या एक पंचमांशात, आणि हे झालं नुसतं बोलावणं यायला. पुढे तिथली मेंबर पोरं तुम्हाला भेटतात, माणूस कसा आहे बघतात, थोडंफार समाजकार्याचं काम करायला लावतात, मग निवड. मी स्वतः आहे त्यात म्हणून सांगतोय. फी घेतात हे खरं, पण ती एकदाच, दरवर्षीची वर्गणी नाही, मेंबरशिप जन्मभराची. काकांचं म्हणणं आपल्या हिशोबाने बरोबरच आहे पण तिकडे या संस्था कॉलेजच्या पैशावर चालत नाहीत, सरकारच्या तर नाहीच नाही, मेंबरांच्याच पैशावर चालतात, त्यातूनच पुढे स्कॉलरशिपा आणि फेलोशिपा पण देतात.

ग्रीक नावांचं म्हणाल तर आजींना सांगा घाबरू नका. ही टूम काढली फाय बीटा कप्पाने, ५ डिसेंबर १७७६ ला व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या पोरांनी. अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्याच सालचा, आणि इकडे महेश्वरात अहिल्याबाईंचा कारभार चालू होता, एवढी जुनी गोष्ट. सुरुवातीला ती गुप्त मंडळी होती, रात्री जमून वादविवाद करायचे. पुढे पार्टीवाल्या फ्रॅटर्निट्यांनी पण तीच अक्षरं उचलली म्हणून बाहेरच्याला सगळं एकच वाटतं. टाऊ बीटा पायचं ना राहायचं घर असतं ना काही. इनिशिएशन, म्हणजे मेंबर करून घ्यायचा समारंभ, असतं ते सूट घालून उभं राहायचं आणि सही करायची असं. हां, एक गंमत आहे, बऱ्याच कॅंपसवर इंजिनिअरिंग बिल्डिंगपाशी त्यांचं ते चिन्ह असतं पितळी की कांस्याचं, ते नव्या पोरांना घासूनपुसून चकाचक करायला लावतात. आजींना हे नक्की आवडेल.

आता दुसरा मेल. नाव तुम्ही लिहिलं नाही ते बरंच केलं, पण ४८ तासांत भरा म्हंटल्यावर माझा हात पाकिटावर गेला असता, घट्ट धरायला. मुलाला सांगा की त्यांचा चॅप्टर म्हणजे शाखा त्याच्याच कॅंपसवर आहे का ते बघ, युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या वेबसाइटवर सापडतो का, सल्लागार प्रोफेसर कोण आहे, गेल्या वर्षी केलं काय. नुसता पत्ता आणि पैसे भरायची लिंक असेल तर सोडून दे. असोसिएशन ऑफ कॉलेज ऑनर सोसायटीज म्हणून १९२५ पासूनची एक शिखर संस्था आहे, तिच्या मेंबरांची यादी मिळते, ती बघायला सांगा. यादीत नाही म्हणजे खोटीच असं नाही हां, पण यादीत असली की निदान काही कमीत कमी नियम पाळते एवढं कळतं.

आमच्या बॅचच्या बऱ्याच पोरांनी अशाच एका सोसायटीला पैसे भरले होते, मिळालं काय तर एक सर्टिफिकेट, गळ्यात घालायची गोंड्याची दोरी आणि नंतर वर्षभर इन्शुरन्सच्या जाहिराती.

ओल्डपलासिया:

मी पिथमपुरात एका कारखान्यात बावीस-तेवीस वर्षांच्या इंजिनिअर पोरांचे इंटरव्ह्यू घेतो. खरं सांगू का, रेझ्युमेवर असल्या संस्थांची ओळ असली तर मी वाचतो आणि पुढे जातो. एकदा तिकडून परत आलेला एक मुलगा आला, त्याच्या रेझ्युमेवर चार सोसायट्या, विचारलं यात तू काय करायचास, तर म्हणे मेंबर होतो. अरे मेंबर तर मी पण आहे, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीच्या कमिटीचा. त्याच महिन्यात दुसरा आला तो फर्स्ट इयरच्या पोरांना थर्मोडायनॅमिक्स फुकट शिकवायचा, दर बुधवारी, कुठल्याशा ऑनर सोसायटीतर्फेच. त्याच्याशी तासभर गप्पा झाल्या कारण ज्याने शिकवलंय त्याला विषय कळतो. घेतला त्याला. तेव्हा ताई, पैसे भरायचे तर भरा पण मुलाला विचारा तू तिथे जाणार आहेस की नुसतं नाव लावणार आहेस.

रामबागेतला (मु. पो. टेक्सास):

ओल्डपलासिया काका, मान्य. फक्त एक भर घालतो, अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नोकरीत याचा रोकडा उपयोग आहे. नुसती डिग्री असली की जीएस-५ ही पगाराची ग्रेड आणि मान्यताप्राप्त ऑनर सोसायटीचं मेंबर असाल तर त्याच्या वरच्या जीएस-७ ला सुरुवात मिळू शकते, चांगला जीपीए असला तरी तेच मिळतं म्हणा. पण त्या नोकऱ्या बहुतेक नागरिकांनाच, आपल्या पोरांना काय कामाच्या.

सुदामानगर ते ओहायो:

ताई मला दुसऱ्या मुद्द्यावर बोलायचंय, कारण त्या सोसायटीपेक्षा हा मोठा आहे आणि वर कोणीच हात लावला नाही. ऑनर्स प्रोग्रॅम आणि ऑनर सोसायटी या वेगळ्या गोष्टी आहेत. सोसायटी म्हणजे तुम्ही जे आधीच केलंय त्याबद्दल कौतुक, प्रोग्रॅम म्हणजे पुढे जास्तीचं काम. त्यात छोटे वर्ग मिळतात, वीस-पंचवीस पोरं आणि प्रोफेसर नावाने ओळखतो, कोर्सचं रजिस्ट्रेशन बाकीच्यांच्या आधी करता येतं (हे केवढं मोठं सुख आहे ते ज्याला सकाळी आठचा वर्ग मिळालाय त्यालाच विचारा), काही ठिकाणी वेगळं हॉस्टेल पण. बदल्यात जीपीए सांभाळायचा, बऱ्याच ठिकाणी ३.५ च्या आसपास, ठराविक ऑनर्स कोर्स करायचे आणि शेवटी थीसिस. जिथे ऑनर्सचा वेगळा वर्ग नसतो तिथे कॉंट्रॅक्ट करतात, म्हणजे साध्याच कोर्समधे प्रोफेसरशी ठरवून एखादा जास्तीचा प्रोजेक्ट करायचा आणि तो ऑनर्समधे मोजायचा. तुमच्या मुलाने हे दोन-अडीच वर्षं केलंय, आता थीसिसपाशी येऊन सोडतोय म्हणजे पंगतीत बसून भात-वरण खाल्लं आणि जिलेबी यायच्या आधी उठला.

थीसिसची भीती मला पण वाटायची, दोनशे पानं लिहायची असं डोक्यात असतं. ते पीएचडीचं. हा शेवटच्या दोन सेमिस्टरमधे होतो, तीन ते सहा क्रेडिट धरतात, इंजिनिअरिंगमधे तर बरेचदा लॅबमधलंच काम नीट लिहून काढायचं असतं आणि दोन-तीन प्रोफेसरांसमोर मांडायचं. खरा फायदा तो वर्षभर एका प्रोफेसरबरोबर काम करण्याचा आहे. पुढे एमएस, पीएचडीला जायचं असेल तर शिफारसपत्र लागतात आणि दोनशे पोरांच्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाला कोण काय लिहून देणार, ‘ए ग्रेड मिळाली’ एवढंच. माझ्या गाइडने दीड पानाचं पत्र लिहिलं त्यावर मला फंडिंग मिळालं असं माझं आजही मत आहे.

पण आंधळेपणाने चालू ठेव असंही मी म्हणणार नाही. त्याला सरळ नोकरीच करायची असेल आणि त्या वेळात चांगली इंटर्नशिप किंवा ती रेसकार बनवणारी टीम असेल तर मी पण विचार केला असता. सोडल्याने डिग्रीला काही होत नाही, केलेले कोर्स, ग्रेड सगळं राहतं. फक्त एक गोष्ट आधी ऑफिसात जाऊन विचारायला सांगा, त्याची कुठली स्कॉलरशिप ऑनर्सला बांधलेली आहे का. हे न विचारता फॉर्मवर सही करू नको म्हणावं, फॉरेनच्या पोरांची फी काय असते तुम्हाला माहितीच आहे.

जाता जाता, तिकडच्या ऑनर्स प्रोग्रॅमचं एक जुनं उदाहरण म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजात १९२२ ला सुरू झालेला प्रोग्रॅम, ऑक्सफर्डला शिकून आलेल्या प्रेसिडेंटने आणला आणि परीक्षा घ्यायला अजूनही बाहेरचे परीक्षक बोलावतात. आपल्याकडे बाहेरचा परीक्षक म्हंटलं की आधी त्यांच्या चहा-नाश्त्याची सोय होते 😄

खडूफळा:

मी इथल्याच एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, धाकटीचं मी सांगते. मध्य प्रदेशात नवं शिक्षण धोरण २०२१-२२ पासून लागू झालंय. तीन वर्षं केली, १२० क्रेडिट झाले की साधी डिग्री घेऊन बाहेर पडता येतं. चौथं वर्ष करून १६० झाले की ऑनर्स. त्यातही दोन रस्ते आहेत. एक नुसतं ऑनर्स, त्यात जास्तीचे पेपर. दुसरं ऑनर्स विथ रिसर्च, त्याला पहिल्या सहा सेमिस्टरला मिळून ७५ टक्के लागतात आणि १२ क्रेडिटचा रिसर्च प्रोजेक्ट असतो. चार वर्षं केलेल्याला एमएस्सी एका वर्षात होऊ शकते, जिथे तसा कोर्स आहे तिथे. आणि चार वर्षांत ७५ टक्के असतील तर थेट पीएचडीला अर्ज पण करता येतो, यूजीसीच्या २०२२ च्या नियमात आहे ते.

मुली उत्साहाने येतात आणि फॉर्म भरतात, पण मी त्यांना आधी विचारते की तुझ्या विभागात पीएचडी गाइड आहे का. गाइड नाही, लॅबमधे केमिकल वेळेवर येत नाहीत, मग रिसर्च म्हणजे इंटरनेटवरून उतरवलेली चाळीस पानं आणि स्पायरल बाइंडिंग. असं झालेलं मी बघितलंय, कुठे ते विचारू नका. कॉलेजात नसेल तर बाहेर बघा, इंदुरात आरआर कॅट ही केंद्र सरकारची संशोधन संस्था आहे, सिमरोलला आयआयटी आहे, तिथल्या एखाद्या सरांना नीट मेल लिहून प्रोजेक्टसाठी विचारता येतं. दहा मेल लिहावे लागतील, नऊ जण उत्तर देणार नाहीत.

आणि भारतात त्या तिकडच्यासारख्या ग्रीक नावाच्या सोसायट्यांची परंपरा नाही, आपल्याकडे कौतुक म्हणजे गोल्ड मेडल आणि पेपरात फोटो. त्यामुळे धाकटीला असं काही फी भरायचं आमंत्रण आलं तर दुप्पट संशय घ्या.

फोर्थइयरचा भिया:

काकू मी आत्ता तेच चौथं वर्ष करतोय, फिजिक्समधे. मॅडमनी सांगितलं ते सगळं बरोबर आहे फक्त एक, ७५ चं गणित आत्ताच करा, आमच्या वर्गातले तीन-चार जण सहावं सेम झाल्यावर जागे झाले, कोणाचे ७४.६ कोणाचे ७४.८, कोणी ऐकून घेत नाही भिया. आणि सीजीपीए टक्क्यांत कसा मोजतात ते युनिव्हर्सिटीच्या नियमात बघा, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. तुमच्या धाकटीचा सीजीपीए सध्या किती आहे?

तिलकनगरवाली:

बाप रे, किती छान सांगितलंत सगळ्यांनी. काल रात्री व्हिडिओ कॉलवर थोरल्याला एकेक वाचून दाखवलं. त्या ४८ तासवाल्यांचा त्याच्या कॅंपसवर चॅप्टरच नाही, मेल उडवला. टाऊ बीटा पायचा जो सेक्रेटरी आहे तो त्याच्याच लॅबमधला निघाला, तर मीटिंगला जाणार आहे, पितळ घासायचं ऐकून सासूबाई म्हणाल्या बरं आहे, घरी कधी तांब्या घासला नाही. थीसिसचं अजून घोळतंय त्याचं. स्कॉलरशिप ऑनर्सला बांधलेली आहे का हे त्यालाच माहीत नव्हतं, आता सोमवारी ऑफिसात जाऊन विचारतो म्हणाला. हे अजून फीवर कुरकुर करतायत पण कमी.

भिया, धाकटीचं पाच सेमिस्टरचं मिळून १० पैकी ७.४ आहे.

फोर्थइयरचा भिया:

काकू ७.५ म्हणजे ७५ टक्के आणि सगळ्या सेमचे क्रेडिट सारखे धरले तर सहाव्यात ८ आणलं की बरोबर ७.५ होतं. ७.९ ने नाही होणार.

तिलकनगरवाली:

८ म्हंटल्यावर ती खोलीत जाऊन बसली आहे. फिजिकल केमिस्ट्री अडतंय तिचं. कोणाला चांगली ट्यूशन माहीत असेल तर सांगा, फक्त भंवरकुआ सोडून, तिथे संध्याकाळी स्कूटी लावायला जागा मिळत नाही.

खडूफळा:

ताई, मेसेज करते तुम्हाला. रविवारी पाठवा तिला, पाचव्या सेमची उत्तरपत्रिका मिळाली असेल तर ती पण घेऊन यायला सांगा.