माहेरचं घर पाडून नवं बांधायचंय, नगरपरिषदेच्या परवानगीची सुरुवात कुठून करू?

माहेरवाशीण_ठाणे

नमस्कार. तळकोकणातल्या एका नगरपरिषदेच्या हद्दीत माझ्या बाबांचं घर आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोन पाखाड्यांचं गाव, कोण कुठे काय वाचेल सांगता येत नाही.

घर मातीच्या भिंतींचं, जोतं चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. गेल्या पावसात मागची पडवी बसली. न्हाणीची भिंत आता मांजर उडी मारून गेलं तरी हलते. मी पोस्टातून निवृत्त झाले, मिस्टरांचीही नोकरी संपली. दोघांपुरतं साडेआठशे चौरस फुटांचं घर हवंय. रात्री उठून बॅटरी घेऊन मागीलदारी जावं लागू नये, एवढीच हौस.

जागा पावणेतीन गुंठे. सातबाऱ्यावर पाच नावं आहेत: बाबा, दोन काका, आत्या आणि एक चुलत भाऊ. बाबा आणि थोरले काका वारले, पण वारस नोंद कोणीच केलेली नाही. तोंडी वाटणीत ही जागा बाबांकडे आली आणि घरपट्टी पहिल्यापासून त्यांच्याच नावाने भरतोय. चुलत भाऊ बडोद्याला असतो. भांडण नाही, पण बोलणंही नाही. मागच्या बाजूला खाडी, माझ्या पावलांनी एकशे दहा पावलं. कोपऱ्यात रायवळ आंबा.

ठेकेदार म्हणतो, "ताई, घरदुरुस्तीचा अर्ज टाका, पावसाआधी जुनं पाडून टाकू, आतून नवं उभं करू. कोण बघतंय?" इंजिनिअर म्हणतो, आधी नकाशा काढू, मग बघू. बँक म्हणते, मंजूर नकाशा आणा, मग कर्जाचं बोलू. मी तिघांच्या मध्ये उभी आहे. नक्की पहिलं पाऊल कोणतं?

झील_खाडीवयलो

ताई, ठेकेदाराचा आयकू नकात. आमच्या शेजाऱ्यान असोच दुरुस्तीचो अर्ज टाकल्यान आणि स्लॅब घातल्यान. वरसभरान कोणीतरी तक्रार केल्यान, नोटीस इली. तक्रार कोणी केली ता सगळ्यांका म्हायत असा, बोलणा कोण नाय. आता घरपट्टी दुप्पट भरता. घरपट्टी भरली म्हणजे घर कायदेशीर झाला, असा त्याका वाटत होता. तसा नसता.

टीस्क्वेअर

ताई, मी रत्नागिरीकडचा. बत्तीस वर्षं एका इंजिनिअरकडे ड्राफ्ट्समन होतो. अमोनिया प्रिंटच्या वासाने डोळे चुरचुरायचे त्या काळापासून ते कॉम्प्युटरवर नकाशा चढवायच्या काळापर्यंत. तुमचा प्रश्न वाचून तीन गोष्टी मनात आल्या, त्यातली पहिली आज रात्रीच ठेकेदाराला फोन करून सांगा: घराला हात लावायचा नाही.

ते पडकं घर तुमची अडचण नाही, तो तुमचा पुरावा आहे. खाडीकाठी सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध घालणाऱ्या पट्ट्याचा प्रश्न येणार. तुमचं शहर नगरपरिषदेचं आहे, म्हणजे बांधीव भाग बहुधा सीआरझेड २ मध्ये असेल. तिथे बांधकामाला परवानगी मिळू शकते ती आधीपासून असलेल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामांच्या जमिनीकडच्या बाजूला. म्हणजे "आधीपासून काय होतं" यावर सगळं अडतं. आणि तुम्ही ते आधीच पाडून, चिरे रचून, कौलं विकून बसलात, तर दाखवणार काय? मोकळी जागा? एका गृहस्थांनी नेमकं हेच केलं होतं. हौसेने नारळ फोडून घर पाडलं आणि दीड वर्ष "इथे घर होतं" हे सिद्ध करत फिरले.

तेव्हा नगरपरिषदेतून घराचा असेसमेंट उतारा, म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंद काढा, जितकी जुनी मिळेल तितकी. घरपट्टीच्या जुन्या पावत्या एका पिशवीत घाला. चारी बाजूंनी फोटो काढा, एक फोटो असा की चौकटीत घरही येईल आणि खाडीही. आणि मोजणी कराल तेव्हा मोजणी नकाशात घर दाखवून घ्या. भूमापक घाईत असतो, फक्त हद्दी टाकून निघून जातो. त्याला चहा पाजा, पण घर नकाशावर येऊ द्या.

खाडीचं अंतर पावलांनी मोजू नका. ओहोटीला गेलात तर दोनशे पावलं होतील, उधाणाला साठ. अंतर धरतात ते मंजूर किनारा आराखड्यावरच्या भरतीरेषेपासून, १:४००० च्या नकाशावर. २०११ च्या अधिसूचनेत खाडीकाठी १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी ते धरत. २०१९ च्या अधिसूचनेत ते १०० चं ५० झालं. तुमच्या जिल्ह्याला यातला कोणता आराखडा लागू आहे, हे नगररचना विभागात विचारा आणि तोंडी उत्तरावर थांबू नका. मध्ये तिवरांचं बन असेल तर तेही सांगा. हजार चौरस मीटरच्या वरचं असेल तर भोवती ५० मीटरचा पट्टा धरतात.

एक दिलासा आहे. स्वतःच्या राहत्या घराला, एकूण बांधकाम ३०० चौरस मीटरच्या आत असेल तर, सीआरझेड २ आणि ३ मध्ये प्रस्ताव मुंबईच्या किनारा प्राधिकरणाकडे पाठवावा लागत नाही. स्थानिक संस्थाच नियमात बसतं का ते तपासून निर्णय घेते. तुमचं घर ऐंशी मीटरचं. काळजी करू नका.

आता पाच नावं. खरा उशीर इथेच होतो, नकाशात नाही. कोकणात जमीन गुंठ्यात असते आणि नावं डझनात. (आमच्याच सातबाऱ्यावर सतरा आहेत, त्यातल्या चौघांना मी ओळखत नाही.) आधी बाबांची आणि काकांची वारस नोंद करा. महसूल खात्याच्या ई-हक्क संकेतस्थळावर अर्ज घरबसल्या टाकता येतो, पण मृत्यूचा दाखला आणि वारसांची यादी हातात असू द्या. मग उरलेल्या सगळ्यांचं बांधकामाला संमतीपत्र. तोंडी वाटणी म्हणजे घरातल्यांचा समजूतदारपणा, कागदाला त्याची ओळख नसते. सगळे राजी असतील तर तहसीलदाराकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली रीतसर वाटप करून घेणं सगळ्यात स्वच्छ.

माहेरवाशीण_ठाणे

टीस्क्वेअर काका, ठेकेदाराला रात्रीच फोन केला. तो रुसला. "ताई, तुमच्यासाठी दोन माणसं थांबवून ठेवली होती" म्हणाला. राहू दे.

तीन शंका. (एक) इंटरनेटवर वाचलं की छोट्या प्लॉटला दहा दिवसांत परवानगी मिळते, खरं का? (दोन) सातबाऱ्यावर जमीन अजून शेती लागतेय, एनए (बिगरशेती) आधी करायचं का? (तीन) बडोद्याच्या दादाला फोन करायला जीभ रेटत नाही. मंगेशकाकांच्या तेराव्याला आलो होतो, त्यानंतर नाही बोललो.

टीस्क्वेअर

दहा दिवस खरे आहेत, पण ते कागद पूर्ण झाल्यावर सुरू होतात. ३ डिसेंबर २०२० पासून राज्यात बहुतेक ठिकाणी एकत्रित विकास नियमावली लागू आहे. त्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला परवानाधारक व्यक्तीने प्रमाणित केलेला नकाशा आणि शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी धरतात. १५० ते ३०० पर्यंत दहा दिवस. तुमचे पावणेतीन गुंठे म्हणजे साधारण २७८ मीटर, म्हणून दुसऱ्या गटात. पण खाडी मध्ये आली की माझा सल्ला, जलद वाटेची आशा न धरता दोन-तीन महिने धरून चाला.

एनए: विकास आराखड्यात जागा रहिवास विभागात असेल तर वेगळी एनए परवानगी मागत फिरावं लागत नाही, जो काही कर लागेल तो भरायचा. म्हणून आधी झोन दाखला आणि भाग नकाशा (आराखड्यातला तुमच्या जागेपुरता तुकडा) काढा. भाग नकाशावर आणखी एक गोष्ट बघा. तुमची पाखाडी, म्हणजे घरापुढची वाट, आज सहा फुटांची असेल, आराखड्यात तीच रुंद रस्ता म्हणून रंगवलेली असते. तसं असेल तर पुढची सोडायची जागा आजच्या गडग्यापासून नाही, त्या भावी रस्त्याच्या कडेपासून मोजतात. इंजिनिअरने नकाशा आधी काढला असता तर तुमची ओटी रस्त्यात गेली असती.

इंजिनिअर परवानाधारक आहे का ते विचारा. आता अर्ज ऑनलाइन जातो आणि नकाशा कॉम्प्युटरच तपासतो. रेषा बरोबर पण तिचा थर (कॉम्प्युटरवरच्या नकाशातला लेयर) चुकीच्या नावाने ठेवला, तरी प्रणाली तो परत पाठवते. आम्ही पूर्वी ब्लेडने खरवडून दुरुस्त करायचो, ते दिवस गेले.

पैशांचं: छाननी शुल्क, विकास शुल्क, अनामत, शिवाय बांधकाम खर्चाच्या एक टक्का कामगार उपकर. स्वतःच्या राहत्या घराला उपकर माफ असायची मर्यादा पूर्वी दहा लाखांची होती, नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत ती पन्नास लाख आहे, म्हणून तुम्हाला तो लागतो का ते नगरपरिषदेत विचारून घ्या.

दादाला फोन करा आणि पहिलंच वाक्य हे सांगा, की संमतीपत्र म्हणजे हक्कसोड नव्हे. लोक सही करायला घाबरतात ते याच एका गैरसमजाने. तुझं नाव सातबाऱ्यावर राहणार, फक्त बांधायला तुझी हरकत नाही एवढंच, असं म्हणा. मसुदा व्हॉट्सअॅपवर आधी पाठवा, शांतपणे वाचू दे.

वाशिष्ठीकाठ

मध्येच बोलतो. मी चिपळूणचा, आमच्याकडे खाडीऐवजी नदी. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर पाणी छताला टेकलं होतं. त्यानंतर घर नव्याने बांधायचं ठरवलं तेव्हा कळलं की आपल्या अंगणातून एक रेषा जाते. निळी पूररेषा पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत नवं बांधकाम नाही. जुनं अधिकृत घर पुन्हा बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटिमीटर वर. म्हणजे काकांनी सांगितलं तेच, "जुनं" आणि "अधिकृत" हे दोन शब्द सिद्ध करायचे. आमचे जुने कागद पुरात भिजून लगदा झाले होते. नगरपरिषदेतल्या नोंदींवर भागलं. ताई, तुमच्या पावत्या आज स्कॅन करा. पिशवी वगैरे ठीक आहे, पण मोबाईलमध्येही असू द्या.

झील_खाडीवयलो

आणि आंब्याचा काय? तो तोडूक पण परवानगी लागता ना?

टीस्क्वेअर

लागते. नगरपरिषद हद्दीत १९७५ चा झाडांचा कायदा आहे, वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. पण मी म्हणेन, तोडूच नका. नकाशात आंबा दाखवा आणि स्वयंपाकघर चार फूट सरकवा. कागद एक कमी होतो आणि लोणच्याची सोय राहते.

आणि हो, विसरलो होतो: परवानगी मिळाली की ती एक वर्षाची असते, दरवर्षी वाढवून जास्तीत जास्त चार वर्षं. जोत्यापर्यंत काम आलं की थांबा, जोता तपासणीचा दाखला घ्या, मगच भिंती चढवा. ठेकेदार म्हणेल, कशाला थांबायचं. थांबायचं. शेवटी भोगवटा प्रमाणपत्र घेतल्याशिवाय राहायला जाऊ नका. गणपती आणायची घाई असते हे मला माहीत आहे.

माहेरवाशीण_ठाणे

सात महिन्यांनी लिहितेय, राग मानू नका.

वारस नोंदीला अडीच महिने गेले, कारण काकांच्या मृत्यूच्या दाखल्यावर नाव एक आणि सातबाऱ्यावर दुसरं. एकीकडे "मंगेश", दुसरीकडे "मंगेशराव". मोजणी पावसाने पुढे गेली, दसऱ्यानंतर झाली. भूमापकाने घर दाखवलं, न्हाणीसकट. पाखाडी आराखड्यात खरंच रुंद निघाली, काका! ओटी दीड मीटर मागे घेतली. भरतीरेषेच्या नकाशावर आमची निम्मी जागा सीआरझेडच्या आत आणि निम्मी बाहेर आली. असेसमेंट उतारा १९६३ चा मिळाला, त्यावर बाबांची सही होती. शाईच्या पेनने केलेली, "ळ" ला त्यांची ती लांब शेपटी. तो कागद साहेबांसमोर ठेवला आणि पुढचे प्रश्न कमी झाले.

अर्ज तीनदा परत आला. दोनदा थरांच्या नावांमुळे, एकदा माझ्याच चुकीने. आत्याच्या संमतीपत्रावर सर्व्हे नंबर बरोबर पण हिस्सा नंबर चुकला होता. आत्या ब्याऐंशी वर्षांची, तिला पुन्हा नोटरीकडे न्यावं लागलं. रिक्षात म्हणाली, "माझी सही एवढी महाग कधीपासून झाली गो?"

दादाला फोन केला. तो मसुदा वाचून पाच मिनिटं काहीच बोलला नाही. मग म्हणाला, ओटीवरचा झोपाळा पाडताना फेकू नका, कड्या पितळेच्या आहेत. सही करून कुरियरने पाठवली. कड्या मी काढून ठेवल्यात.

बांधकाम परवानगी गेल्या बुधवारी हातात आली. घर सोमवारपासून उतरवतोय. ठेकेदार तोच आहे, गावात दुसरा नाही.

कौलं साधारण अकराशे निघतील, बरीचशी धड आहेत. कोणाला गोठ्याला किंवा मांगराला हवी असतील तर निरोप ठेवा. न्यायचा खर्च तुमचा.