पॉर्फिरी सोन्याचं वय: झिर्कॉन पुरेल का?

कोअर-बॉक्स, बडोदे: प्रबंधासाठी पॉर्फिरी (मॅग्मा थिजून बनलेला, बारीक कणांत मोठे स्फटिक असलेला खडक) सोन्याच्या साठ्याचा ड्रिल कोअर (भोक पाडून काढलेली खडकाची कांडी) मिळाला आहे. पॉर्फिरीतल्या झिर्कॉन या खनिजाचं यू-पीबी (युरेनियम-शिसं) वय म्हणजेच सोन्याचं वय धरता येईल का? आणि सोनं मॅग्मातून आलं की बाजूच्या खडकातून, हे कसं ठरवायचं?

शीरशोधक: नाही धरता येणार. झिर्कॉन मॅग्मातून कधी जमला तेवढंच सांगतो. सोनं नंतर शिरांमधून येतं. सोन्याचं थेट वय मोजत नाहीत, त्याला दोन्हीकडून कोंडीत पकडतात. म्हणून आधी कोअरवर कोण कुणाला छेदतंय ते नोंदवा. सोन्याच्या क्वार्ट्झ शिरेने छेदलेली पॉर्फिरी आधीची, त्या शिरेला छेदणारी कोरी (सोनं नसलेली) डाइक, म्हणजे भेगेत घुसून थिजलेल्या मॅग्माची भिंत, नंतरची. झिर्कॉन दोन्हींतले काढा. लेझर आयसीपी-एमएसची (लेझरने कणावरचा ठिपका उडवून मोजण्याची पद्धत) अनिश्चितता १-२ टक्के, म्हणजे १० कोटी वर्षांच्या खडकात १०-२० लाख वर्षं. पॉर्फिरीचा सगळा खेळ बऱ्याचदा त्याहून कमी काळात आटोपतो! मग निवडक कण सीए-आयडी-टिम्सकडेच (कण विरघळवून मोजणारी, जास्त अचूक पद्धत) पाठवावे लागतात, तिथे ०.१ टक्क्यापर्यंत जाता येतं.

रेनियम१८७: शिरेत मॉलिब्डेनाइट (मॉलिब्डेनमचं सल्फाइड खनिज) दिसलं तर पहिला मान त्याचा. त्यातलं रेनियम काळानुसार ऑस्मियममध्ये बदलतं आणि मूळचा ऑस्मियम त्यात जवळजवळ नसतो, त्यामुळे एकाच नमुन्यावर रेनियम-ऑस्मियम वय निघतं. मध्य प्रदेशातल्या मलांजखंडच्या तांब्याचं सुमारे २४९ कोटी वर्षं हे वय असंच निघालं. मात्र मोठ्या कणाचा एखादाच पापुद्रा खरवडून देऊ नका. कणाच्या आत ऑस्मियम रेनियमपासून सरकतो आणि वय चुकतं. अख्खे कण दळून एकजीव करा. सोन्याने समृद्ध पॉर्फिरीत मॉलिब्डेनाइट बहुधा कमीच असतं. नसेल तर सेरिसाइटवर (बारीक पांढरा अभ्रक) आर्गॉन-आर्गॉन वय काढा, पण साठा नंतर ३००-३५० अंशांवर तापला असेल तर ते वय त्या तापण्याचं असू शकतं.

शीरशोधक: बडोद्यात खडक फोडणार असाल तर जॉ क्रशरची (जबड्यांत खडक फोडणारं यंत्र) चौकशी आधी करा. त्यात त्या भागातला सुमारे ९५ कोटी वर्षांचा गोध्रा ग्रॅनाइट फोडला असेल आणि तुमच्या यादीत त्याच वयाचे दोन-चार झिर्कॉन आले, तर ते वारशाने आलेले (मॅग्माने जुन्या खडकातून उचललेले) की क्रशरमधले, हे नंतर सांगता येत नाही. जबडे घासा, कोरा क्वार्ट्झ फिरवा, मग नमुना. मोजणीआधी प्रत्येक कणाचं सीएल (कॅथोडोल्युमिनेसन्स, कणाच्या आतले थर दाखवणारं) चित्र हवंच, नाहीतर लेझर जुन्या गाभ्यावर पडतो.

गंधकवाला: उगमाबद्दल. पायराइट-चाल्कोपायराइट या सल्फाइड खनिजांचा डेल्टा-३४-एस (जड आणि हलक्या गंधकाच्या प्रमाणातला फरक, दर हजारी) शून्याच्या आसपास, उणे ३ ते अधिक ३, आला तर गंधक मॅग्मातलं असण्याची शक्यता मोठी. पण शिरेत अॅनहायड्राइट (कॅल्शियम सल्फेट) असेल तर जड गंधक सल्फेटने घेतलेलं असतं आणि सल्फाइडचे आकडे उणे होतात. त्यावरून बाहेरचं गंधक ठरवू नका. शिवाय हा माग गंधकाचा, सोन्याचा नव्हे. म्हणून त्याच सल्फाइडमधल्या शिशाचे समस्थानिक (वेगळ्या वजनाचे अणू) पॉर्फिरीच्या फेल्डस्पारशी आणि बाजूच्या खडकाशी ताडून बघा.