पातालपानीच्या घाटातले डिझेल इंजिन धावते ठेवावे की चौथऱ्यावर बसवावे?

महूकर (धागाकर्ता) :
गेल्या रविवारी पुण्याच्या पाहुण्यांना इंदूरजवळच्या पातालपानी ते कालाकुंड या मीटरगेज (रुळांत एक मीटर अंतर असलेल्या) वारसा गाडीने फिरवून आणले. कालाकुंडच्या फलाटावर कलाकंद खाता खाता त्यांच्यापैकी एकजण म्हणाले, "सगळे उत्तम आहे, फक्त पुढे वाफेचे इंजिन हवे होते. डिझेलला वारसा कोण म्हणेल?" तेव्हा नीट उत्तर सुचले नाही, म्हणून हा धागा.

ही गाडी ज्या वायडीएम-४ इंजिनावर चालते, ती जात १९६०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून आली, १९६८ पासून वाराणसीत तयार होऊ लागली, आणि १९७६ मध्ये भारताने टांझानियाला पहिली डिझेल इंजिने पाठवली तीही याच कुळातली होती. तुकोजीराव होळकरांनी (दुसरे) १८७० मध्ये इंग्रजांना १ कोटी रुपये कर्ज देऊन जो खंडवा–इंदूर मार्ग घडवून आणला, त्यावर माझ्या पिढीने पाहिलेले इंजिन हेच.

ते धावतेच ठेवावे, असे माझे ठाम मत आहे. वाफेचे इंजिन उभे असले तरी त्याचे दांडे आणि चाके पाहून निम्मी यंत्रणा डोळ्यांना कळते. डिझेलचे सारे काही पत्र्याच्या आत असल्यामुळे चौथऱ्यावर चढवले की ते रंगवलेले कपाट होते. आधी तेलाचा पंप घुमू लागतो, मग बॅटरीच्या जोरावर मुख्य जनरेटरच मोटर होऊन इंजिन फिरवतो, सहा सिलिंडर अडखळत पेट घेतात, काळ्या धुराचा लोट उठतो आणि पायाखालची पट्टी थरथरू लागते. पाहण्यासारखे आहे ते एवढेच, आणि ते बंद इंजिनात नाही.

जुनी इंदूर :
वर्णन सुरेख आहे, परंतु युक्तिवाद पटला नाही. तेथील वारसा म्हणजे घाट आहे : ४० फुटांना १ फूट असा चढ, बोगदे, दगडी पूल आणि खाली चोरल नदी. इंजिन कोणतेही लावा, डबे भरतातच. शिवाय यंत्र चालवायचे म्हणजे ते झिजवायचे. आज लाइनर (सिलिंडरच्या आतले अस्तर) बदलला, उद्या मोटर बदलली, तर वीस वर्षांनी नंबराच्या पाटीखेरीज मूळचे काय उरणार? आणि हे सुटे भाग मोडीत निघालेल्या इतर इंजिनांतूनच काढणार ना? एकाला जगवण्यासाठी चौघांची आतडी काढण्याला जतन म्हणणे मला जड जाते.

निवृत्त फिटर :
मी डिझेल शेडमध्ये एकोणतीस वर्षे काढली, म्हणून दोन गोष्टी सांगतो. सुट्या भागांची भीती थोडी अवास्तव आहे. ब्रॉडगेजच्या (रुंद रुळांच्या) डब्ल्यूडीएम-२ या रेल्वे इंजिनातले सोळा सिलिंडरांचे डिझेल यंत्र आणि हे सहा सिलिंडरांचे, दोन्ही अल्को २५१ याच घराण्यातले असून बोअर (सिलिंडरचा व्यास) ९ इंच आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) साडेदहा इंच दोहोंत सारखाच आहे. पिस्टन, लाइनर यांची ओरड इतक्यात होणार नाही. अडचण मीटरगेजच्या ट्रॅक्शन मोटरची (चाके फिरवणाऱ्या विजेच्या मोटरची) आहे, आणि त्याहून मोठी व्हॅक्यूम ब्रेकची, म्हणजे नळीतली निर्वात कमी केली की लागणाऱ्या ब्रेकची. घाट उतरताना ड्रायव्हरची नजर व्हॅक्यूमच्या सुईवरून हलत नसे. सुई किती पाडायची आणि ती पुन्हा चढायला किती वेळ लागेल, हे तो डब्यांच्या वजनावरून ओळखत असे. हे हात आता निवृत्त होत आहेत. इंजिन उभे राहिले तर ही विद्या कोणाला शिकवणार?

बडोदेकर :
आमच्याकडे एकता नगर–अहमदाबाद वारसा गाडी २०२३ पासून आहे. तिचे इंजिन दिसते वाफेचे, चालते विजेवर. लोक हौसेने फोटो काढतात. इंदूरकरांनी डिझेललाच धुराडे बसवून मोकळे व्हावे. पाहुणेही खूश होतील.

महूकर :
बडोदेकर, आजोबांना पणजोबांचा फेटा बांधून पणजोबा म्हणून मिरवण्यातला हा प्रकार आहे. इंग्लंडमध्ये डेल्टिक जातीची २२ डिझेल इंजिने होती. १९८२च्या आरंभी ती सेवेतून गेली, तेव्हा हौशी मंडळींनी पदरमोड करून त्यांतली ६ वाचवली. त्यांना कोणी वाफेचा मुखवटा चढवला नाही. त्यांच्या आवाजासाठीच लोक आजही गर्दी करतात.

जुनी इंदूर :
तेथे मंडळे इंजिनांची मालक आहेत आणि सभासद शनिवार-रविवारी स्वतः हात काळे करतात. येथे सारे रेल्वेचे, आणि आपण रविवारी पोहे-जिलेबीनंतर आडवे होणारे. तरीही एका अटीवर मी मागे हटेन : एक इंजिन मूळ रंगासह, मूळ भागांसह, स्क्रूलाही हात न लावता छपराखाली ठेवा, दुसरे खुशाल चालवा.

महूकर :
अट मान्य. फिटरकाका, दोन इंजिने निभावतील का?

निवृत्त फिटर :
छपराखालच्याला छप्पर पुरेल. चालते इंजिन मात्र हंगाम संपल्यावर नुसते सोडून देता येत नाही. बॅटऱ्यांना चार्ज लागतो आणि क्रँक (पिस्टनांना जोडलेला मुख्य दांडा) अधूनमधून हाताने फिरवावा लागतो, नाहीतर लाइनर गंजतात. ते काम कोणाच्या नावावर लिहिणार, एवढे आधी ठरवा.