मदत हवी आहे: कोलाजवर तैलरंगाचे पातळ थर कसे टिकवायचे?

नमस्कार मंडळी. वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांची चित्रं पाहिल्यापासून डोक्यात एक खूळ शिरलंय. ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ, ओल्या रंगावर कागद दाबून उमटवलेले आकार, एकावर एक पातळ थर. खालचा रंग आतून उजळल्यासारखा दिसतो. नक्कल करायची नाही (तेवढा धीरही नाही!), पण ती पारदर्शकता मला कोलाजसोबत हवी आहे.

माझी मांडणी अशी: जेसो (रंगाआधी द्यायचं पांढरं अस्तर) लावलेल्या कॅनव्हासवर हातकागदाचे फाडलेले तुकडे, त्यावर अ‍ॅक्रिलिकचा पातळ हात आणि शेवटी जवसाच्या तेलात सैल केलेला तैलरंग, रोलरनं. अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग चालतो, उलटं करायचं नाही, हे ठाऊक आहे. अडतंय ते कागदापाशी. सुकल्यावर मध्येच फुगे येतात. शिवाय जिथे कागद उघडा राहतो तिथे तो तेल पितो आणि रंग मेल्यासारखा दिसतो.

कागद चिकटवायला मॅट मीडियम (अ‍ॅक्रिलिकचं बिनरंगी, बिनचकाकीचं माध्यम) बरं की साधा पांढरा गोंद? गोंद पुढे पिवळा पडतो का? कागद आधी भिजवून घेता का? दोन्ही बाजूंना मीडियम मारलं तर तेल अडेल, पण मग वरचा रंग धरेल ना? कॅनव्हासऐवजी प्लाय घेतला तर फुगे कमी होतील का?

मी कोकणात राहते, त्यामुळे पावसाळ्यात कागदाला बुरशी लागू नये म्हणून काय करता तेही सांगा. व्हिडिओ भरपूर पाहून झालेत, कुणी स्वतः केलं असेल तर तो अनुभव हवा आहे.