‘डेलिली’ या शब्दातला ‘दिवस’ कोणता?

शंका

बागेत लावल्या जाणाऱ्या ‘डेलिली’ या फुलझाडाच्या नावाचा विग्रह कसा करावा? ‘दिवसा उमलणारी लिली’ असा अर्थ काही जण लावतात, तर ‘एकच दिवस टिकणारी लिली’ असा अर्थ काही जण सांगतात. ‘रातराणी’ हा शब्द कानात बसलेला असल्यामुळे पहिला अर्थ चटकन सुचतो, परंतु तो ग्राह्य आहे का?

उत्तर

दुसरा अर्थ ग्राह्य आहे. या वनस्पतीच्या प्रजातीचे (म्हणजे अनेक जातींच्या गटाचे, इंग्रजीत ‘जीनस’) शास्त्रीय नाव ‘हेमेरोकॅलिस’ असे असून ते ‘हेमेरा’ म्हणजे दिवस आणि ‘कॅलोस’ म्हणजे सौंदर्य या दोन ग्रीक शब्दांपासून बनले आहे. हा शब्द जुन्या ग्रीक लेखनातही आढळतो. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनिअसने १७५३ मध्ये तो या प्रजातीचे नाव म्हणून रूढ केला. येथे दिवस ही वेळ नसून मुदत आहे. बहुतेक जातींचे फूल सकाळी उमलते आणि रात्र पडेपर्यंत मिटून लुळे पडते. दुसऱ्या दिवशी त्याच दांड्यावरची दुसरी कळी उमलते.

‘दिवसा उमलणारी’ हा अर्थ न टिकण्याचे ठोस कारण म्हणजे ‘हेमेरोकॅलिस सिट्रिना’ ही फिकट पिवळ्या, सुवासिक फुलांची जात. तिची फुले संध्याकाळी उमलतात, रात्रभर टवटवीत राहतात आणि दुसऱ्या दिवशी कोमेजतात. ती रातराणीच्या पंक्तीला बसते, तरीही डेलिलीच आहे, कारण तिच्याही एका फुलाचे आयुष्य साधारण एका दिवसाएवढेच असते.

मात्र ‘एक दिवस’ हे विशेषण फुलाचे आहे, झाडाचे नव्हे. झाड बहुवर्षायू असते. एका दांड्यावर अनेक कळ्या आणि एका गड्ड्याला अनेक दांडे येत असल्यामुळे बहर कित्येक आठवडे चालतो. ‘फूल एकच दिवस टिकते, मग लावायचे कशाला’ असे जे ऐकू येते, ते झाड न पाहता केवळ नाव ऐकून काढलेले अनुमान असावे, असे मला वाटते.

पुरवणी शंका

‘दिवस’ समजला. पण मग ‘लिली’चे काय? ही खरोखर लिली आहे का?

उत्तर

नाही. वर सांगितलेल्या ग्रीक नावात लिली कोठेही नाही. रूपसाम्यामुळे बोलभाषेने ती जोडली. सहा पाकळ्यांसारखी दले, सहा पुंकेसर आणि कर्ण्यासारखा आकार पाहता ही गल्लत स्वाभाविक आहे. जमिनीखाली मात्र फरक उघड होतो. खऱ्या लिलीला, म्हणजे ‘लिलियम’ प्रजातीला, खवल्यांचा कंद असतो आणि पाने उभ्या खोडावर येतात. डेलिलीला कंद नसतो. तिची मुळे मांसल, मधूनच फुगलेली असतात आणि लांब, पट्टीसारखी पाने थेट जमिनीलगत पंख्यासारखी फुटतात.

पूर्वी वनस्पतिशास्त्रातही तिला लिलीच्याच कुळात धरत असत. आताच्या वर्गीकरणात ती ‘अ‍ॅस्फोडेलेसी’ कुळात आहे, म्हणजेच कोरफडीच्या कुळात. गंमत अशी की लिनिअसच्या पिवळ्या जातीचे नाव ‘लिलिओअ‍ॅस्फोडेलस’ असे आहे. लिली आणि अ‍ॅस्फोडेल (ज्या वनस्पतीवरून या कुळाला नाव मिळाले ती) यांची जोडी त्या नावात आधीपासूनच होती, आणि कुळाच्या बाबतीत त्यातला उत्तरार्ध खरा ठरला.

हा भेद निव्वळ पंडिती नाही. चीनमध्ये डेलिलीच्या काही जातींच्या कळ्या भाजी म्हणून खातात आणि सुकवलेल्या कळ्यांना ‘सोनेरी सुया’ म्हणतात. ‘लिलीच्या कळ्या खातात’ असे मोघम लिहिले, तर वाचणारा कोणतीही लिली तोडून शिजवेल, आणि इंग्रजीत ‘ग्लोरी लिली’ म्हणवणारी कळलावी तर अतिशय विषारी आहे. कळलावीतले कोल्चिसीन हेच रसायन वापरून संकरकारांनी गुणसूत्रे दुप्पट केलेल्या, जाड पाकळ्यांच्या डेलिली तयार केल्या, हा एक विचित्र योगायोग. मांजर पाळणाऱ्यांना मात्र या भेदाचा उपयोग नाही: लिली आणि डेलिली दोन्ही मांजरांच्या मूत्रपिंडांना घातक आहेत.

लेखनाविषयी शंका

‘डे लिली’ असे दोन शब्द लिहावेत की एकच? मराठी प्रतिशब्द सुचवता येईल का?

उत्तर

जोडून ‘डेलिली’ लिहावे. तोडून लिहिल्यास ‘डे’ हे ‘लिली’चे विशेषण वाटते आणि ही लिलीचीच एक जात असावी असा समज होतो, इंग्रजीतले बागलेखकही याच विचाराने तो शब्द जोडून लिहिणे पसंत करतात. लिंग ‘लिली’प्रमाणे स्त्रीलिंगी ठेवावे: ‘डेलिली फुलली’. अनेकवचनात ‘डेलिल्या’ हे रूप व्याकरणाला धरून असले तरी कानाला खटकते. तेथे ‘डेलिलीची फुले’ किंवा ‘डेलिलीचे गड्डे’ असे लिहिणे बरे.

प्रतिशब्द हवाच असेल तर ‘दिनलिली’ टाळावे, कारण त्यात दोन्ही गैरसमज कायम राहतात. ‘एकदिनी’ हा शब्द मला त्यातल्या त्यात बरा वाटतो: त्यात मुदत आहे, लिली नाही. शास्त्रीय लेखनात मात्र ‘हेमेरोकॅलिस’ हेच नाव द्यावे.