जॅकी चॅन : तुम्ही कुठून सुरुवात केलीत, आणि दुसऱ्याला कुठून करायला सांगाल?

उंबरठा (धागाकर्ता)

लेक तेरा वर्षांचा आहे. त्याच्या लेखी जॅकी चॅन म्हणजे २०१०च्या 'कराटे किड'मधला घुमा म्हातारा आणि 'कुंग फू पांडा'तल्या माकडाचा आवाज. परवा जेवताना मी म्हटलं, याच्यासारखी मारामारी कोणी केली नाही. त्यावर साहेबांचा प्रश्न : "हा मारामारीपण करायचा?" घास घशातच अडकला.

माझी सुरुवात १९८९च्या गणपतीत झाली. गल्लीच्या मंडळाने भाड्याने रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि चार कॅसेट आणल्या होत्या. पहिली पौराणिक, मग दोन हिंदी. चौथी लागली तेव्हा पहाटेचे तीन वाजले असतील, मी सतरंजीवर आडवा झालो होतो. काचा फुटण्याच्या आवाजाने जाग आली. वाटलं मांडवातच काहीतरी फुटलं. डोळे चोळत बघतो तर एक माणूस एका दुकानातून दुसऱ्या दुकानात काचांसकट फेकला जातोय. तो 'पोलिस स्टोरी'चा शेवट होता. म्हणजे मी जॅकीला शेवटाकडून सुरुवात केली.

आता पोराला कुठून दाखवू? यादी नको, याद्या ढीगभर आहेत. तुम्ही स्वतः कुठून शिरलात आणि दुसऱ्या कोणाला दाखवलंत तेव्हा काय झालं, ते लिहा.

लाल_डबा

'पोलिस स्टोरी', १९८५. विषय संपला. तरी अनुभव मागितलाय म्हणून लिहितो.

मी अकरा वर्षं मल्लखांब केला. तालुक्याच्या गावी व्हिडिओ सेंटरला हा सिनेमा पाहिला तेव्हा शेवटच्या मारामारीत सगळी पोरं शिट्ट्या मारत होती आणि मी एकटा गप्प होतो. जॅकी मॉलच्या वरच्या मजल्याच्या कठड्यावरून उडी मारतो, मधोमध टांगलेला खांब पकडतो आणि दिव्यांच्या माळा फोडत सरळ खाली येतो. मल्लखांबाच्या लाकडाला आम्ही एरंडेल चोळतो. तरीही घसरताना पकड जरा चुकली की मांडीच्या आतल्या बाजूला अशी आग होते की रात्री चादर सहन होत नाही. आणि आमचा खांब उंच किती, तर माणसाच्या दीडपट. हा बाबा कित्येक मजले उतरला, तेही तेलाऐवजी पेटलेल्या बल्बांवरून. हातांची सालटी निघाली होती असं नंतर वाचलं, मला ते तेव्हाच कळलं होतं.

तीच उडी सिनेमात वेगवेगळ्या कोनांतून लागोपाठ तीनदा दाखवली आहे. सेंटरवाल्याला आम्ही चौथ्यांदा दाखवायला लावली. त्या सिनेमात साखरेच्या काचा (स्टंटसाठी बनवतात त्या नकली) नेहमीपेक्षा जाड वापरल्या होत्या, आणि स्टंटवाल्यांच्या टोळीने त्याचं नाव 'ग्लास स्टोरी' ठेवलं होतं.

सुरुवातही बघा. डोंगरउतारावरची झोपडवस्ती आणि तिच्यातून खाली सुटलेल्या गाड्या. मग छत्रीचा दांडा अडकवून डबलडेकरला लोंबकळणं. तेरा वर्षांच्या पोराला आणखी काय पाहिजे?

तिरकी_चाल

'रश अवर', त्याचा हॉलिवूडवाला. पळतो आता.

लाल_डबा

थांबा, दगड घेऊन येतो.

कढीभात

लाल_डबा यांच्याशी असहमत. 'पोलिस स्टोरी' पहिल्याच दिवशी दाखवला तर पुढचं सगळं त्यामानाने फिकं वाटतं. शिवाय मधला कोर्टाचा आणि घरगुती गैरसमजांचा भाग आजच्या पोरांना रेंगाळलेला वाटेल.

माझं मत 'प्रोजेक्ट ए', १९८३. जुनं हाँगकाँग, चाचे, पोलीस आणि आरमारवाले यांची आपसातली खुन्नस. बरोबर सॅमो हंग आणि युएन बियाओ. हे तिघे लहानपणी एकाच गुरूकडे वाढलेले. तिघांचं एकमेकांशी जे जुळतं ते तालमीतून येत नाही, एका ताटात जेवल्यावर येतं.

मी हा आजीबरोबर पाहिला. आजीला इंग्रजी येत नव्हतं, चिनी तर नाहीच. अरुंद गल्ल्यांतला सायकलचा पाठलाग सुरू झाला आणि ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. मग जॅकी बेड्या घातलेल्या हातांनी घड्याळाच्या मनोऱ्यावर पोहोचतो, काट्याला लोंबकळतो आणि हात सुटतो. दोन कापडी छतं फाडत थेट जमिनीवर. आजी म्हणाली, "मेला की गं!" लगेच तेच पडणं दुसऱ्यांदा दाखवतात. आजी : "परत चढला कशाला?"

हॅरॉल्ड लॉइड नावाच्या मूकपटातल्या नटाने १९२३ साली घड्याळाला लोंबकळून लोकांना हसवलं होतं, त्याला केलेला हा नमस्कार. फरक इतकाच की लॉइड पडत नाही. जॅकीची नाळ ब्रूस लीपेक्षा या मूकपटवाल्यांशी जास्त जुळते, म्हणून तो आजीला कळतो.

कंदील

वयाने इथे बहुधा मीच थोरला. माझी सुरुवात 'ड्रंकन मास्टर'पासून झाली (१९७८), आणि मी तिथूनच करायला सांगेन. कारण जरा लांबलचक आहे.

जॅकीचा जन्म १९५४चा. आईवडील कामासाठी ऑस्ट्रेलियात गेले आणि पोराला हाँगकाँगमधल्या चिनी ऑपेराच्या शाळेत ठेवलं, दहा वर्षांच्या कराराने. गुरू यू जिम-युएन. पहाटे उठायचं, कोलांट्या, गाणं, तलवारबाजी, चुकलं की छडी. माझे आजोबा लहानपणी काही वर्षं एका संगीत नाटक कंपनीत होते, त्यांच्या तोंडून असलंच ऐकलेलं : पहाटेचा रियाज, मालकाचा मार, एका पंगतीत जेवण आणि जन्मभर टिकलेली भावकी. त्यामुळे जॅकीची मारामारी मला कधी मारामारी वाटलीच नाही. ती ताल धरून चालते. वार, वार, थांबा, मान वळवून बघणं, पुन्हा वार. मागे पखवाज ठेवला तर सम चुकणार नाही.

शाळा सुटली तोवर ऑपेराचे दिवस भरले होते, म्हणून ही सगळी पोरं स्टंटकामात शिरली. 'एंटर द ड्रॅगन'मध्ये ब्रूस लीच्या हातून मान मोडून घेणारा एक गुंड जॅकी आहे. ब्रूस ली १९७३ साली गेला आणि निर्मात्यांनी जॅकीला दुसरा ब्रूस ली बनवायचा घाट घातला. १९७६ ते ७८मधले ते सूडाचे, दातओठ खाणारे सिनेमे कृपया पहिल्यांदा दाखवू नका. मी एक पाहिला आणि झोपलो.

मग युएन वू-पिंग या दिग्दर्शकाने १९७८मध्ये लागोपाठ दोन सिनेमे केले, 'स्नेक इन द ईगल्स शॅडो' आणि 'ड्रंकन मास्टर'. दुसऱ्यात जॅकी वाँग फेइ-हंग झालाय. हा खरा होऊन गेलेला माणूस, वैद्य आणि कुंग फूचा उस्ताद, तिकडे अत्यंत पूज्य. आधीच्या डझनावारी सिनेमांत तो धीरगंभीर सज्जन म्हणून दाखवलेला. यांनी त्याला उनाड कार्टं केलं. (आपल्याकडे कोणी असं करून बघावं. नको, जाऊ द्या.) दारुड्या गुरू झालेला नट म्हणजे दिग्दर्शकाचे सख्खे वडील.

पाण्याची शिक्षा बघा. खाली बादली, वर बादली, आणि हा उलटा लोंबकळत छोट्या वाट्यांनी पाणी भरतोय. आजोबांना दाखवायला हवं होतं.

घासलेली_कॅसेट

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. मराठवाड्यात धंदा आहे, हंगामात रोज दोन लग्नं. त्यामुळे माझा अनुभव टेबलावरचा.

मित्रांनी शॉर्टफिल्म काढली होती, त्यात लाठ्यांची मारामारी. शूट करून आणलं, मी कापायला बसलो. प्रत्येक फटका खोटा. मी जवळचे तुकडे घेतले, कॅमेरा हलवला, आवाज वाढवला. आणखी खोटा. वैतागून 'ड्रंकन मास्टर २'ची (१९९४) कारखान्यातली शेवटची मारामारी लावली आणि फ्रेम-फ्रेम पुढे ढकलली.

तीन गोष्टी दिसल्या. एक, कॅमेरा लांब आहे, दोघांचे पाय दिसतात. दुसरी मला आधी कळलीच नव्हती. लाथ बसतानाचा कट आला की पुढचा तुकडा काही फ्रेम मागून सुरू होतो. म्हणजे तोच फटका डोळ्याला दीड वेळा बसतो, पण मनाला एकदाच वाटतो. आणि तिसरी गोष्ट, मार खाणारा. मारणाऱ्यापेक्षा तो जास्त काम करतो. आमच्या लाठीवाल्यांत मार खायला कोणी तयारच नव्हतं, सगळे हिरो.

समोरचा लाथांचा राक्षस म्हणजे केन लो, जो खऱ्या आयुष्यात जॅकीचा अंगरक्षक होता. दिग्दर्शक लाउ कार-लेउंग यांच्याशी बिनसलं आणि शेवटचा भाग जॅकीने स्वतः केला. निखाऱ्यांवरून पाठमोरा सरपटतो तो तुकडा मी कापाकापीच्या नजरेने बघूच शकलो नाही. हात थांबला.

तरीही पहिला म्हणून हा दाखवू नका. पुरणपोळी आधी वाढली की भाजी-भाकरी कोण खातं?

सुईदोरा

इथे सगळे दादा लोकच दिसतायत, म्हणून लिहिते.

माझी सुरुवात 'पोलिस स्टोरी ३'पासून, म्हणजे 'सुपरकॉप', १९९२. केबलवाल्याने दुपारी लावला होता. मी जॅकीसाठी बसलेच नव्हते, भावाने रिमोट दिला नाही म्हणून बसले. आणि मग त्यातली नटी मिशेल योह मोटारसायकल घेऊन चालत्या मालगाडीच्या टपावर उतरली. भाऊ म्हणाला, "डुप्लिकेट असेल." नव्हती. तीच होती, आणि हा पराक्रम करण्याआधी तिला मोटारसायकल धड चालवताही येत नव्हती. तेव्हापासून रिमोट माझ्याकडे.

पहिल्या दोन भागांबद्दल एक तक्रार नोंदवून ठेवते. मॅगी चेउंगसारखी नटी हाताशी, आणि तिला काम काय, तर रुसणं, किंचाळणं आणि अंगावर केक झेलणं. दुसऱ्या भागात तर बिचारीचं डोकं खरोखर फुटलं, टाके पडले. मी मुलीला दाखवताना थांबवून सांगितलं की हे त्या काळचं आहे. मुलगी म्हणाली, "आई, माहितीये, तू प्ले कर."

तुमच्या लेकाला दाखवा काहीही, पण तिसरा भाग पहिल्या तीनात हवाच.

घासलेली_कॅसेट

सुईदोरा, +१००. मालगाडीचा तो तुकडा सलग आहे, कट नाही. आमच्या धंद्यात याला देव म्हणतात.

बोळातला_बंगला

नावांच्या घोळाबद्दल कोणी बोललं नाही. मी डीव्हीडीचा संच मागवला होता, दुकानाचं नाव घेत नाही. 'ऑपरेशन काँडोर' पाहिला, आवडला, म्हणून 'ऑपरेशन काँडोर २' लावला. जॅकी एकदम तरुण! अर्धा तास डोकं खाजवलं. झालंय असं, की 'आर्मर ऑफ गॉड' आला १९८६ला आणि 'ऑपरेशन काँडोर' हा त्याचा दुसरा भाग १९९१चा. अमेरिकेत दुसरा आधी लावला आणि मग पहिल्याला 'दोन' नंबर देऊन विकला.

त्यातून हा पहिला म्हणजे जॅकीचा जीव जाता जाता राहिला तो. युगोस्लाव्हियात झाडावर उडी मारताना फांदी निसटली, डोकं दगडावर, कवटी फुटली. त्या सिनेमात त्याचे केस मध्येच लांब, मध्येच आखूड दिसतात ते त्यामुळेच.

शिवाय अमेरिकी आवृत्त्या कापलेल्या, संगीत बदललेलं, जबरदस्तीचं इंग्रजी डबिंग. मिळाली तर कँटोनीज (हाँगकाँगची भाषा) आणि खाली अक्षरं अशीच बघा. डबिंगच हवं असेल तर सरळ हिंदी लावा, निदान शिव्या तरी जिवंत असतात.

डाईकवरचा_देशस्थ

नेदरलँड्समधून. २००८ला रॉटरडॅममध्ये नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात मास नदीच्या काठाने चालताना एक पांढरी इमारत दिसली, एका अंगाने तिरकी कापलेली, चाळीतल्या जिन्याखालच्या भिंतीसारखी. मी रस्त्यात थांबलो. ही बघितलीये. कुठे? कॉलेजच्या होस्टेलवर, 'हू अ‍ॅम आय?'मध्ये (१९९८). याच उतारावरून जॅकी घसरत येतो, आधी पळत, मग पडत, मग नुसताच.

सोबतच्या डच सहकाऱ्याला सांगितलं. तो इथलाच, त्याला पत्ताच नव्हता. संध्याकाळी त्याला बसवून दाखवला. घसरण्याआधी गच्चीवर जी दोघांशी मारामारी आहे, एक लाथांवाला आणि एक हातांवाला, ती बघून तो म्हणाला की इतका वारा असताना तिथे नुसतं उभं राहणंही कठीण. सिनेमाची गोष्ट मात्र टाकाऊ आहे. पहिला तास सरळ ढकला, मी कोणाला सांगणार नाही.

चिंचोका

'रंबल इन द ब्रॉंक्स'. न्यू यॉर्कच्या गल्लीत मारामारी आणि मागे भलेमोठे डोंगर! शूटिंग व्हँकुव्हरला. मला ते पहिल्यांदा दिसलंच नाही, बहिणीने दाखवलं, आता डोंगरांशिवाय काही दिसत नाही. घोटा मोडल्यावर प्लास्टरवर बुटासारखा रंगवलेला मोजा चढवून काम केलं, तोही हाच. शेवटी नावं चालू असताना दाखवलंय.

जाता जाता, ते शेवटचे फसलेले शॉट्स पोरांना आधी दाखवा. माझा पुतण्या तिथूनच अडकला.

पायरीचा_दगड

हंपीला गेलो होतो तेव्हा गाइडने पंढरपूरचा विठ्ठल इथे कसा आला आणि भानुदासांनी तो परत कसा नेला हे दहा मिनिटांत उरकलं आणि जॅकी चॅन कुठे उभा होता यावर अर्धा तास घेतला. 'द मिथ', २००५, सोबत मल्लिका शेरावत. डिंक लावलेल्या सरकत्या पट्ट्यावरची मारामारी झकास आहे. बाकी सुरुवातीला हा नको.

उंबरठा (धागाकर्ता)

मंडळी, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. काल रविवारी मुहूर्त लावला. कढीभात यांचं ऐकून 'प्रोजेक्ट ए', कँटोनीजमध्ये.

पहिला अर्धा तास साहेबांच्या हातात फोन. दारूच्या गुत्त्यात पोलीस आणि आरमारवाले भिडले तेव्हा एकदा मान वर, पुन्हा खाली. मी गप्प. लाल_डबा, त्या क्षणी तुमची आठवण आली, खोटं नाही सांगत.

सायकल आली आणि फोन उशीखाली गेला.

घड्याळाच्या मनोऱ्यावर विचारलं, "हे ग्राफिक्स आहे ना?" म्हटलं, १९८३. काही बोलला नाही. हात सुटला, पहिलं छत, दुसरं छत, जमीन. त्याने रिमोट घेतला, मागे नेलं, पुन्हा पाडलं. पुन्हा मागे. पाचव्या खेपेला टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसला, कापड नेमकं कधी फाटतं ते बघायला.

आतून आईचा आवाज : "कोण पडतंय रे सारखं?"